गरूडांचा मूळपुरुष

“बॅचलर,” मी मोठ्यानं वाचलं.

दादानं मला कोपर मारलं. “हळू.”

“हळू कशाला? लिहिलंय तेच वाचतेय. थॉमस गॅरड. वय सदतीस. बॅचलर. धंदा लोहारकी. बापाचं नाव जेम्स गॅरड.”

“दुसरा कुणीतरी असेल,” दादा म्हणाला.

इंग्लंडातल्या सफक परगण्यातलं एक आडवळणाचं खेडं. गारगोट्यांच्या भिंतींचं चर्च आणि वेदीच्या बाजूची कोंदट खोली. टेबलावर लग्नांचं रजिस्टर उघडं होतं, १९०५ सालचं पान. समोर मिसेस पेल. चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. साठी उलटलेली, पायात गमबूट घातलेली हसरी बाई. आम्ही मराठीत का भांडतोय ते तिला कळत नव्हतं. ती आपली आणखी गॅरड सापडतात का म्हणून उत्साहानं पानं उलटत होती.

ही १९९६ सालची गोष्ट. थॉमस गॅरड म्हणजे आमचा पणजोबा.

आम्ही नगरचे गरूड. नवीन ओळख झाली की लोक विचारायचे, गरूड म्हणजे मूळचे कुठले? आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळलं की गप्प व्हायचे. आडनाव मुळात गॅरड. नगरच्या कॅम्पात तोफखान्याच्या घोड्यांना नाल ठोकणारा एक गोरा नालबंद होता. त्याच घोड्यांसाठी माळावरून गवत कापून आणणारी सालूबाई. दोघांचं चर्चमध्ये रीतसर लग्न झालं. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा करून तिचं नाव सारा ठेवलं. सारा गॅरड. तिच्या जिभेला गॅरड वळेना, तिनं त्याचं गरूड केलं आणि आम्ही चार पिढ्या त्याच पंखांवर उडत आलो.

घरात गोष्ट अशी सांगायचे की साहेब मोठा देखणा, दिलदार. १९०६ साली पटकीच्या साथीत वारला. सालूबाईनं मरेपर्यंत पांढरं लुगडं नेसून त्याच्या नावानं दिवस काढले. नगरच्या कबरस्तानात त्याच्या नावाचा दगडी क्रूस आहे. दर ईस्टरच्या पहाटे आम्ही तिथं मेणबत्त्या लावायचो. दादाच्या बैठकीत साहेबाचा मोठा केलेला फोटो होता, मिशांना पीळ दिलेला. सालूबाईचा फोटो नव्हताच. तिचं नाव निघायचं ते घरात एखादी पोरगी तडकली तरच. “सालूबाई झालीय नुसती,” असं म्हणायचे. मला हे लहानपणी पुष्कळदा ऐकायला मिळालं.

माझा भाऊ शांतवन बँकेत अधिकारी आणि आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. चर्चला सव्वाशे वर्षं होणार होती. स्मरणिका निघणार होती, त्यात प्रत्येक जुन्या कुटुंबाला एक पान. दादाला आपलं पान इंग्लंडातल्या मूळ गावापासून सुरू करायचं होतं. त्याची मुलगी इप्सविचला नर्स होती, तिला बाळ झालं होतं. बाळाला बघायला म्हणून आम्ही दोघं गेलो. मी शाळेत भूगोल शिकवायचे, सुट्टी होती, आणि इंग्रजी दादापेक्षा मला बरं यायचं.

आदल्या दिवशी इप्सविचच्या दप्तरखान्यात पडद्यावर जुनी पानं सरकवत आम्ही थॉमसच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधून काढली होती. १८६८, जेम्स आणि हॅना यांचा मुलगा. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाच्या धंद्याच्या रकान्यात ‘शेतमजूर’ लिहिलं होतं. दादानं वहीत उतरवताना ‘शेतकरी’ केलं. रात्री जेवताना लेकीला सांगताना तो ‘जमीनदार’ झाला. मी हसले, सोडून दिलं. हौस असते एखाद्याला.

पण नगरच्या रजिस्टरात साहेबाच्या दफनाची नोंद नाही, हे दादाला आधीपासून ठाऊक होतं. साथीत माणसं पटापट मरत होती, कोण नोंदी करणार, असं त्यानं स्वतःलाच पटवलं होतं.

आता मिसेस पेलनं दुसरं रजिस्टर उघडलं, दफनांचं. बोट सरकवत नेलं आणि आनंदानं टेबलावर थाप मारली. “हे बघा! थॉमस गॅरड, १९४३. वय पंच्याहत्तर. अहो, हे तर म्हातारे टॉम! मी ओळखत होते यांना!”

दादा खुर्चीत बसला.

“तुम्ही बघितलंय त्यांना?” मी विचारलं.

“बघितलंय म्हणजे? पुलापाशी त्यांची भट्टी होती. आम्ही शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचो. हिंदुस्थानात सैन्यात होते ते. फार गोष्टी सांगायचे. वाघ, साप, उन्हाळा. मूलबाळ नव्हतं हो त्यांना, म्हणून आमच्यावर जीव.”

मूलबाळ नव्हतं. माझ्या आजोबांना आणि त्यांच्या दोन बहिणींना मी या खोलीत एकामागोमाग एक मरताना बघितलं असं मला वाटलं.

“आणि सॅली!” मिसेस पेल हसली. “सॅलीची गोष्ट तर आम्ही रोज सांगायला लावायचो. त्यांची घोडी. काळी, तकतकीत, भारी तापट. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. माळावर एकटी जायची आणि संध्याकाळी आपली आपण परत यायची. जहाजावर नेता येत नव्हती म्हणून तिथंच सोडून आले. ती किनाऱ्यापर्यंत आली नाही, पाठ फिरवून उभी राहिली, हे सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागायची.”

मला वाटलं, आपण ऐकतोय ते चुकीचं ऐकतोय. मी दादाकडे बघितलं. तो टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे त्यालाही कळलं होतं. सालू, सारा, सॅली.

“त्यांची कबर दाखवता?” दादानं इंग्रजीत विचारलं.

कबर चर्चच्या मागे, भिंतीलगत होती. शेवाळ धरलेला साधा दगड. त्यावर थॉमस आणि त्याची दुसरी बायको एडिथ अशी दोन नावं. पलीकडे चिकण मातीची नांगरलेली शेतं. दादानं सकाळीच इप्सविचहून कार्नेशनच्या फुलांचा गुच्छ घेतला होता, पणजोबाच्या आईबापाच्या कबरी सापडल्या तर वाहायला. तो त्यानं या दगडापुढे ठेवला. बूट काढले. डोळे मिटून, हात जोडून उभा राहिला.

“दादा, काय करतोयस?”

“आपलं रक्त आहे, हेमा.”

“तिकडे आपण ज्या क्रूसापुढे मेणबत्त्या लावतो, तिथं कोण आहे मग?”

“ते बघू.” त्यानं डोळे उघडले. “हे बघ, यातलं कुणाला काही सांगायचं नाही. स्मरणिकेत १९०६ ला वारले असंच जाईल. झालं ते झालं.”

“आणि बॅचलर? तीन पोरं आणि बायको मागं ठेवून त्यानं इथं येऊन स्वतःच्या हातानं सही केलीय.”

“तू आजच्या काळाच्या चष्म्यातून बघतेस. तेव्हा पलटणीची परवानगी लागायची लग्नाला. ती घेतली नव्हती. म्हणजे साहेबाच्या दृष्टीनं ते लग्नच नव्हतं.”

“चर्चमध्ये लागलंय, दादा. नगरच्या रजिस्टरात आहे. तूच मला दाखवलंस.”

“असेल.” तो बूट घालायला वाकला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “गवतवाली बाई, आणि तो गोरा साहेब. लोक काय समजत असतील तेव्हा? ठेवलेलीच म्हणायची. तिनंही समजून घ्यायला हवं होतं.”

मला पुढचं सगळं लख्ख आठवतं. मी ती फुलं उचलली आणि भिंतीपलीकडच्या खाजकुयल्यांत भिरकावली. दादा “हेमा!” म्हणून ओरडला. मी त्याला म्हणाले, “परत एकदा म्हण. ठेवलेली म्हण परत. या दगडावर डोकं आपटीन तुझं.”

माझं वय चव्वेचाळीस होतं. भावाशी असं आयुष्यात कधी बोलले नव्हते.

मिसेस पेल लांब उभी होती, ती घाईघाईनं जवळ आली. “माझं काही चुकलं का?”

“सॅली घोडी नव्हती,” मी म्हणाले. “सॅली माझी पणजी. त्यांची लग्नाची बायको. तीन मुलं होती त्यांना.”

तिला अर्थ लागायला वेळ लागला. मग ती भिंतीच्या कठड्यावर टेकली. “आम्ही खेळायचो ते,” ती पुटपुटली. “एकानं टॉम व्हायचं, एकीनं सॅली. मी नेहमी सॅली व्हायचे. चार पायांवर.” थोड्या वेळानं म्हणाली, “पण ते खरंच रडायचे हो.”

“रडत असतील,” मी म्हणाले. “रडण्यापेक्षा परत यायचं होतं.”

नगरला परत येईपर्यंत दादा आणि मी कामापुरतं बोललो. विमानतळावर त्यानं एवढंच बजावलं, “रूथआत्याच्या कानावर घालू नकोस. म्हातारी धसका घेईल.”

रूथआत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून हयात घालवली, लग्न केलं नाही, चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. घराण्यात सालूबाईला बघितलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा ती दारात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. दादानं तिच्यासाठी आणलेला चहाचा डबा पुढं केला, स्वेटर दिला. स्मरणिकेच्या पानाचा कच्चा मसुदा तो खिशातच घेऊन आला होता. तिला वाचून दाखवायला लागला. “गरूड घराण्याचे मूळपुरुष थॉमस गॅरड हे इंग्लंडमधील सफक परगण्यातील एका जमीनदार कुटुंबात...”

“शेतमजूर,” मी म्हणाले.

“हेमा.”

“शेतमजूर, आत्या. आणि तो पटकीनं मेला नाही. तिकडे जाऊन त्यानं दुसरं लग्न केलं, बॅचलर म्हणून. त्रेचाळीस साली मेला, म्हातारा होऊन, गादीवर.”

दादा उठला. “मी तुला सांगितलं होतं...”

आत्याचा हात थांबला नाही. तिनं शेंगेचा दोरा ओढून काढला. “त्रेचाळीसला होय? म्हणजे आजीच्या मागं दोन वर्षं. मला वाटलं होतं, आधीच गेला असेल.”

दादा उभ्याचा उभाच राहिला. “तुला माहीत होतं?”

“मला तिनंच सांगितलं. बस खाली.”

दादा बसला.

“एकोणीसशे दोन साली पलटणीबरोबर गेला,” आत्या सांगू लागली. “नोकरी संपवून परत येतो म्हणाला. मग सहा साली कॅम्पात तोफा डागणारा एक जुना गोलंदाज परत आला. त्यानं तिला गवताच्या बाजारात गाठून सांगितलं, गॅरडनं तिकडे लग्न केलं. ती घरी आली. साहेबाचा कोट, वस्तरा, पाइप, सगळं एका चादरीत बांधलं आणि पाद्रीबाबाकडे गेली. म्हणाली, माझा नवरा वारला, माती द्या. पाद्रीला खरं काय ते ठाऊक होतं. तो म्हणाला, बाई, जिवंत माणसाचं दफन देवाला चालत नाही. ती म्हणाली, देवाचं मी बघते. तुम्हाला जमत नसेल तर बाजूला व्हा.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. कबर खणणारा तिच्या गावाकडचा होता. त्याची कुदळ घेऊन स्वतः खड्डा खणला, आणि तिन्ही पोरांना एकेक मूठ माती टाकायला लावली. तुमच्या आजोबांनी विचारलं, आई, बाबा कुठं आहेत? तर म्हणाली, यात. दगड पुढं मागाहून बसवला, पैसे साठवून.”

“म्हणजे तो क्रूस...” दादा म्हणाला.

“कोट आहे त्याच्या खाली. आतापर्यंत कुजला असेल.”

“आणि पांढरं लुगडं?” मी म्हणाले. “आम्हाला सांगायचे, त्याच्या शोकात...”

“शोक कसला!” आत्यानं शेंग मोडली. “रंगीत नेसली की बाया विचारायच्या, सालूबाई, साहेबाचं पत्र आलं का? पैसे पाठवतो का? कधी येणार? पांढरं नेसली, विचारणं बंद झालं. सोय होती ती.”

“मग आजोबांनी आम्हाला खोटं का सांगितलं?”

“त्याला मेलेला बाप चालत होता, टाकून गेलेला चालत नव्हता. फोटो त्यानंच मागाहून कुठूनतरी मिळवला आणि भिंतीला लावला. ती जिवंत असती तर हिंमत होती का त्याची? मरताना मला शपथ घालून गेला, म्हणून गप्प बसले. आता तुम्हालाच कळलंय, तर शपथ कुणासाठी पाळायची?”

दादा पुढं सरकला. “हे बघ आत्या, झालं ते वाईटच झालं. पण साहेब तिला विसरला नव्हता. तिकडची एक बाई सांगत होती. तिची आठवण काढून रडायचा तो.”

“कसली आठवण काढायचा तेही सांग,” मी म्हणाले. आणि मग मीच सांगितलं. घोडी. काळी, तापट. मुलं तिच्या नावानं चार पायांवर खेळायची.

आत्यानं मांडीवरचं ताट खाली ठेवलं.

“सॅलीच म्हणायचा तिला,” ती म्हणाली. “हे तिनं सांगितलं होतं मला, एकदाच.” आणि मग एकदम तिचा आवाज चढला. “घोडी? त्याच्या पोरांना तिनं रक्त आटवून वाढवलं. उन्हातान्हात भारे वाहून तिच्या डोक्याला टक्कल पडलं होतं, मी तेल लावलंय त्या डोक्याला! आणि तो तिकडे पोराटोरांत बसून तिची घोडी करतो? आणि तू, शांतवन, तू त्याचा वकील होऊन आलास माझ्याकडे?”

“मी कुठं...”

“ठेवलेली म्हणाला तिला,” मी म्हणाले. चहाडी होती ती. मला तिची लाज वाटली नाही.

दादानं मान खाली घातली.

“पस्तीस साली इंग्लंडहून एक नवे पाद्रीसाहेब आले होते,” ती सावकाश म्हणाली. “मी सतरा वर्षांची होते, त्यांचं बोलणं मीच आजीला मराठीत सांगितलं. तिकडच्या एका म्हाताऱ्यानं निरोप दिलाय, म्हणाले. सॅली कशी आहे, मुलं कशी आहेत, एवढं कळावं. तिनं विचारलं, कोण म्हातारा? पाद्रीसाहेबांनी नाव सांगितलं. ती म्हणाली, त्यांना सांग रूथ, त्याला मी पुरलंय. मेलेल्या माणसानं चौकश्या करू नयेत.”

बाहेर आवारात कुणीतरी पाण्याचा नळ सोडला होता. दादा हातातल्या कागदाच्या घड्या घालत होता, उलगडत होता.

“मग मी आता त्या पानावर काय लिहू?” तो शेवटी म्हणाला. “तूच सांग.”

“काढ पेन.”

त्यानं पेन काढलं.

“लिही. गरूड घराणं सालूबाईपासून सुरू होतं. ती तोफखान्याच्या घोड्यांसाठी गवत कापायची. तीन लेकरं तिनं एकटीनं वाढवली, तिन्ही शिकवली. नवरा पळून गेला.”

“आत्या, चारचौघांत...”

“चारचौघांसाठीच लिहायचंय. घरात ठेवायचं असतं तर मी होते की.”

दादानं पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. कागद खाटेवर ठेवून, चपला घालून तो निघून गेला. कागदाच्या पाठीमागं मी आत्याचे शब्द लिहून घेतले. तिनं एकही बदलू दिला नाही.

कमिटीनं आधी कां कूं केली. ‘पळून गेला’च्या जागी ‘वियोग झाला’ घाला म्हणाले. आत्या काठी टेकत मीटिंगला जाऊन बसली, आणि पान होतं तसं छापलं गेलं. दादानं सेक्रेटरीपद सोडलं. माझ्याशी बोलणं त्यानं त्या दिवसापासून बंद केलं. मीही त्याच्या दारात गेले नाही. त्याची मुलगी फोनवर रडायची, म्हणायची, हेमाआत्या, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसासाठी तुम्ही दोघं कशाला भांडता? मी तिला सांगायचे, माझं भांडण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाशी नाही.

उत्सवाच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. प्रत्येक कुटुंबातल्या एकानं पुढं येऊन आपलं पान वाचायचं होतं. लोक आपापल्या पणजोबांची नावं वाचत होते. पहिले शिक्षक, पहिले पाळक, पहिले पदवीधर. गरूडांचं नाव पुकारलं तेव्हा दादाची जागा मोकळी होती. आत्या उठली. मी हात द्यायला गेले तर तिनं झिडकारला.

तिनं चष्मा न लावताच वाचलं. पाठ होतं तिला. गवत कापायची. तीन लेकरं तिनं एकटीनं वाढवली. नवरा पळून गेला.

मग अगदी मागच्या बाकावरून, खेड्यातून आलेल्या बाया बसतात तिथून, एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “आमचा बी.”

पाळकांनी घाईनं पुढच्या कुटुंबाचं नाव पुकारलं.

“थांबा,” आत्या म्हणाली. “त्या बाईला बोलू द्या.”